साठला उघड, नव्वदला बंद

माणसानं थंडीवर मिळवलेला ताबा हा अग्नीच्या शोधाइतकाच थोर आहे. अग्नीनं माणसाला शिजवायला शिकवलं, थंडीनं त्याला वाट पाहायला शिकवलं. हे वाक्य मी आमच्या अध्यक्षांच्या भाषणासाठी लिहिलं होतं. भाषण करताना त्यांनी ते गाळलं आणि त्या जागी जेवणाची व्यवस्था गोडाउनच्या मागे केलेली आहे, असं सांगितलं. टाळ्या पडल्या, आणि मनापासून पडल्या.

यंदाचा हंगाम परवा सुरू झाला. कडेगावच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. वळणावळणावर सांडलेला ऊस, त्यावर तुटून पडणारी शाळेची पोरं, आणि हवेत मळीचा तो आंबूस-गोड वास, जो नव्या माणसाला नकोसा होतो आणि आम्हाला तो आला नाही तर काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. मी सकाळी खोलीचं कुलूप काढलं, आत पाय टाकला, आणि भिंतीवरच्या डब्यानं ‘खट्’ केलं. त्यामागून एक लांब सुस्कारा. नळीच्या टोकापासून पांढरं बर्फ भराभर पुढं सरकत आलं. साठ, एकसष्ट, बासष्ट. पर्स खांद्यावर तशीच ठेवून मी आकडे बघत उभी राहिले. इतकी वर्षं झाली, रोजचं काम आहे, पण हा आवाज आला की मला अजूनही जत्रेला निघाल्यासारखं वाटतं.

मी एका दूध संघाच्या कृत्रिम रेतन विभागात प्रयोगशाळा सहायक आहे. लग्नाकार्यात कुणी विचारलं तर ‘दूध संघात’ एवढ्यावरच थांबते. आमच्याकडं वळूंचं आणि रेड्यांचं वीर्य बारीक नळ्यांत भरून ठेवलेलं असतं. त्या नळीला कांडी म्हणतात. बॉलपेनच्या रिफिलीसारखी दिसते, तिच्याहून बारीक. अशा हजारो कांड्या पोलादी टाकीत, द्रवरूप नायट्रोजनमध्ये, शून्याखाली एकशे शहाण्णव अंशांवर बुडून असतात. बुडून आहेत तोवर त्यांच्यासाठी काळ थांबलेला असतो. अडचण एवढीच, की हा द्रव एका जागी थांबणारा नाही. टाकी कितीही चांगली असू द्या, तो रोज थोडा थोडा हवेत उडून जातो. पातळी उतरली आणि कांड्या उघड्या पडल्या, की संपलं. आणि संपल्याचं कळत नाही. मेलेली कांडी आणि जिवंत कांडी दिसायला अगदी सारखी. रंग तोच, वर छापलेलं नाव तेच.

भिंतीवरचा तो डबा, म्हणजे कंट्रोलर, यायच्या आधी पातळी बघायला आमच्याकडं एक काळी लाकडी पट्टी होती. ती टाकीत तळापर्यंत सोडायची, जरा थांबायचं, बाहेर काढून हवेत दोनदा हलवायची. जेवढा भाग बुडाला असेल तेवढ्यावर पांढरं बर्फ धरायचं. ते बोटांनी मोजायचं आणि कमी असेल तर ओतायच्या जारनं वरून ओतायचं. ओतताना इतकं धुकं व्हायचं, की खोली सिनेमातल्या स्वर्गासारखी दिसायची. फक्त सिनेमातल्या स्वर्गात फिनेलचा वास नसावा.

सुभेदार आप्पा मला त्या धुक्यातच पहिल्यांदा दिसले. पल्टणीतून निवृत्त होऊन गावी ऊस करणारा माणूस. मिशी अजून ड्यूटीवर. त्यांचा तुफान नावाचा खिलार बैल होता. शर्यतीच्या मैदानात त्याचं नाव पुकारलं की माणसं चहाचा कप खाली ठेवायची, असं आप्पा सांगायचे. आप्पाच सांगायचे म्हटल्यावर निम्मं धरलं, तरी बैल मोठा असणार. एका योजनेत त्याच्या थोड्या कांड्या तयार झाल्या होत्या. त्यानंतरच्या पावसाळ्यात तुफान पोट फुगून गेला. वापरून उरलेल्या अकरा कांड्या आमच्या टाकीत होत्या. जगात तुफान तेवढाच शिल्लक. घरात त्यांची एक खिलार गाय होती, तिचंही वय होत आलेलं, आणि ती काही केल्या माजावर येईना.

दर बाजाराच्या दिवशी आप्पा यायचे. हातात पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी डोकावतेय.

“म्याडम, आमचा गडी बुडून हाय न्हवं?”

“आहे, आप्पा.”

“किती पान्यात?”

“गळ्याच्या वर.”

“मग चालू द्या तुमचं.” एवढं बोलून जायचे. पाणी नाही, नायट्रोजन आहे, हे मी एकदा समजावून सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या बाजाराला पुन्हा पाणी किती ते विचारलं.

त्या वर्षी दसऱ्यानंतर कंट्रोलर आला. मला वाटलं होतं, कपाटाएवढं काही असेल. निघाला जेवणाच्या डब्याएवढा. इंग्रजी माहितीपुस्तक डॉक्टरांनी आणून माझ्या टेबलावर ठेवलं. डॉक्टर म्हणजे आमचे विभागप्रमुख, जनावरांचे. सज्जन आणि हुशार, पण दूरध्वनीवर अध्यक्ष असले की खुर्चीतून अर्धे उठून बोलतात. मी डबा खाताना कादंबरी वाचते हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कादंबरी वाचणारी बाई काहीही वाचू शकते असा आमच्या कार्यालयाचा समज आहे. मी ते पुस्तक दोन दिवसांत संपवलं. बऱ्याच कादंबऱ्यांपेक्षा बरं होतं. त्यात कुणी उगाच उदास होत नव्हतं.

बसवायला पुण्याहून एक किडकिडीत इंजिनीअर आला. तो दिवसभरात दहा वाक्यं बोलला असेल, आणि दहाही उपयोगाची. व्हरांड्यात त्यानं नायट्रोजनच्या साठ्याची मोठी टाकी उभी केली. तिच्यापासून भिंतीतून आत, कांड्यांच्या टाकीपर्यंत, जाड वेष्टनाची नळी आणली. नळीवर विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह. कांड्यांच्या टाकीला नवं झाकण, आणि झाकणातून खाली सोडलेला सेन्सर. सेन्सर म्हणजे एकात एक घातलेल्या दोन पोकळ नळ्यांचा दांडा, म्हाताऱ्याच्या काठीएवढा. तो त्यानं इतका पुसला, इतक्या वेळा त्यातून कोरडी हवा फुंकली, की मला बाळाला न्हाऊ घातल्यावरचे सोपस्कार आठवले.

“ओल राहिली तर आत बर्फ धरतो,” तो म्हणाला. “मग हा खोटं बोलतो.”

मग शिकवणी झाली. माझी नव्हे, कंट्रोलरची. दांडा कोरडा असताना एक बटण दाबायचं: हे शून्य. गळ्यापर्यंत बुडवून दुसरं दाबायचं: हे शंभर. एवढंच शिक्षण, मधलं सगळं तो आपलं आपण ओळखतो. मला त्याचा हेवा वाटला. आपल्याकडं शंभर म्हणजे किती, हे प्रत्येक समारंभात नव्यानं ठरतं.

“साठला उघडायचं, नव्वदला बंद करायचं, चाळीसला बोंब मारायची,” इंजिनीअर म्हणाला. “खिडकी उघडी ठेवायची. हा वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि खोलीतली हवा खाऊन टाकतो. संपलं.”

त्यानं बटण दाबलं. खट्. सुस्कारा. आधी नळीतून नुसती वाफ आली, मग नळी थरथरली, आणि टाकीच्या आतून तव्यावर पाणी शिंपडावं तसा चुर्र आवाज सुरू झाला. आकडे चढू लागले. कुणी पट्टी बुडवत नव्हतं, कुणी जार उचलत नव्हतं, आणि टाकी आपली आपण पीत होती! नव्वदला पुन्हा खट्. शांतता. मी टाळी वाजवली. एकटीनंच. इंजिनीअर जरा लाजला.

तेवढ्यात डॉक्टर आले. “बंद करा ते.”

“आत्ताच तर चालू केलंय.”

“आबांचा फोन होता. साहेबांच्या हस्ते चालू करायचंय. आधीच चालू असलं, तर साहेब चालू काय करणार?”

आबा म्हणजे आमचे अध्यक्ष. साहेब म्हणजे ज्यांच्यासमोर आबा खुर्चीतून अर्धे उठतात ते. तर्क बिनतोड होता. कंट्रोलर बंद झाला. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर जांभळा सॅटिनचा पडदा आला, पडद्याला सोनेरी दोरी, आणि शेजारी भिंतीत संगमरवराची पाटी. पाटीवर तारीख सोडून सगळं कोरलेलं. तारखेची जागा मोकळी ठेवणारा तो कारागीर आम्हा सगळ्यांत जाणता होता.

उद्घाटन आठ दिवसांत व्हायचं होतं. पहिल्या तारखेला साहेबांना फलटणच्या बाजूला एका कारखान्याच्या मोळी टाकायच्या कार्यक्रमाला जावं लागलं. दुसऱ्या तारखेला लग्न होतं, साहेबांच्या घरचं नव्हे, पण टाळता न येणारं. तिसरी तारीख अमावास्येला आली, ती आबांनीच नाकारली. मांडववाला तीनदा खांब रोवून तीनदा उपटून गेला. चौथ्यांदा त्यानं खड्डे बुजवलेच नाहीत.

बाहेर हंगाम पेटला होता. थंडी पडली की म्हशी माजावर येतात, आणि एकदा आल्या की सगळ्या एकदम. पहाटेपासून फोन. “म्याडम, म्हस वरडतीया, कवा येताय?” कारखान्याचा भोंगा, ट्रॉल्यांचे कर्णे, गोठ्यागोठ्यात उसाच्या वाड्याचे भारे. आमची रेतन करणारी मुलं मोटारसायकलला छोटे जार बांधून गावोगाव पळत होती. ओतायचे जारही आबांनी उपकेंद्रांना वाटून टाकले होते. आता यंत्र आलंय, जार कशाला? त्यामुळं आमच्या टाकीत नायट्रोजन जायला एकच वाट उरली होती, नळीची. तिच्यावरचा व्हॉल्व्ह उघडणारा पडद्याआड होता. आणि पडदा साहेबांचा.

काळी पट्टी मात्र मी कपाटात जपून ठेवली होती. सोनेरी दोरी जरा बाजूला सारून, झाकणाच्या छोट्या भोकातून, मी ती रोज खाली सोडायची. पांढरं रोज थोडं थोडं खाली येत होतं. मी डॉक्टरांना रोज सांगायची. डॉक्टर रोज आबांना सांगायचे. आबा म्हणायचे, “आलंच की आता दोन दिवसांवर.” हे दोन दिवस किती दिवस चालले, ते मी मोजायचं सोडून दिलं.

एका बुधवारी सकाळी मी पट्टी बाहेर काढली, हलवली, आणि पांढऱ्यावर बोटं ठेवली. चार बोटं भरली. आमच्या कांड्या उभ्या असतात त्या डब्यांत त्यांची उंची पाच बोटं. मी पट्टी पुन्हा सोडली, पुन्हा हलवली. चारच.

मला काही थोर विचार सुचले नाहीत. मी पडद्याखाली हात घातला आणि बटण दाबलं.

आकडा आला, एकोणतीस. त्याबरोबर कंट्रोलरनं जी बोंब मारली, ती पार दूध संकलनाच्या खिडकीपर्यंत गेली. व्हॉल्व्ह उघडला. खट्. सुस्कारा. पण चुर्र काही येईना. नळीतून नुसती वाफ. मी व्हरांड्यात पळाले. साठ्याच्या टाकीचा काटा तळाला टेकला होता. ती बिचारीही इतके दिवस उद्घाटनाची वाट बघत उभ्या उभ्या उडून गेली होती.

शिरवळहून येणारा टँकर त्या दिवशीच यायचा होता, हेच काय ते नशीब. ड्रायव्हरला फोन लावला.

“कऱ्हाड सोडलं, म्याडम. म्होरं ट्रॉल्याच ट्रॉल्या हायत्या. हालतच न्हाई.”

“किती वेळ?”

“ते ऊसवाल्यास्नी इचारा.”

डॉक्टर धावत आले. आधी त्यांनी कंट्रोलरकडं पाहिलं, मग पडद्याकडं, मग माझ्याकडं.

“कुणी चालू केलं?”

“मी. साठच्या खाली गेलं की चालू पाहिजे, असं पुस्तकात आहे.”

“अहो, पण उद्घाटन?”

“पुस्तकात उद्घाटनाचा उल्लेख नाही, सर.”

त्यांनी कपाळ पुसलं. अठ्ठावीस. बोंब चालूच. आणि नेमके त्याच वेळी दारात आप्पा उभे. बुधवार म्हणजे बाजार. पिशवीत मेथी.

“म्याडम, काय वरडतंय हे? आमचा गडी बुडून हाय न्हवं?”

मी त्यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. “आप्पा, वरचं टोक उघडं पडलंय.”

“किती येळ?”

“माहीत नाही. रात्रीत कधीतरी. टँकर अडकलाय ट्रॉल्यांच्या मागं.”

आप्पांनी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. “कंच्या रस्त्याला?” एवढं विचारलं, मोटारसायकलला लाथ मारली आणि गेले.

पुढचं मला ड्रायव्हरनं नंतर सांगितलं. रस्त्याच्या मधोमध एक पांढऱ्या मिशांचा माणूस शिट्टी फुंकत उभा राहिला. पहिला ट्रॅक्टरवाला म्हणाला, “आवं आप्पा, बाजूला व्हा की. वजन-काट्याला नंबर जाईल माजा.” आप्पा म्हणाले, “नंबर ऱ्हाऊ दे. मागं माजा बैल मराय लागलाय.” बैल कुठाय, म्हणून ट्रॅक्टरवाल्यानं मागं पाहिलं, तर लांब टँकर. त्याला काही उमगलं नाही, पण आवाज पल्टणीतला होता, त्यानं ट्रॉली शेताच्या कडेला घेतली. मग दुसरी, मग तिसरी. उतारानं, पुलापाशी, फाट्यावर, आप्पा पुढं जाऊन शिट्टी फुंकत राहिले.

इकडं मी आकड्यासमोर उभी. सत्तावीस. डॉक्टर खिडकी लावायला गेले, मी ओरडले. ते म्हणाले, आवाज बाहेर जातोय. मी म्हटलं, जाऊ द्या. आयुष्यात पहिल्यांदा मी डॉक्टरांवर ओरडले आणि त्यांनी खिडकी उघडली. सव्वीस.

टँकर फाटकातून आत वळला, त्याच्यापुढं आप्पांची मोटारसायकल. ड्रायव्हर उतरता उतरता म्हणाला, “म्याडम, ह्यांनी निस्त्या ट्रॉल्या वढ्यात ढकलायच्या बाकी ठेवल्या बगा!” आम्ही सगळ्यांनी मिळून जोडणी केली. टँकरमधून साठ्याच्या टाकीत, साठ्याच्या टाकीतून नळीत. नळी थरथरली. वाफ दाटली, पातळ झाली, आणि आतून चुर्र! तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. सव्वीस. सव्वीस. सत्तावीस! डॉक्टर आकडे मोठ्यानं मोजू लागले, मग ड्रायव्हर, मग दुधाच्या किटल्या घेऊन आलेली माणसंही दारातून मोजू लागली. चाळीसला बोंब थांबली, तेव्हा कान बधिर झाल्यासारखे वाटले. पन्नास. सत्तर. शर्यतीच्या मैदानाला एवढा आवाज नसेल. नव्वद. खट्.

आप्पा मोजत नव्हते. ते टोपी हातात घेऊन टाकीकडं बघत होते.

“गडी जित्ता हाय का?” सगळे पांगल्यावर त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. बाहेरून कळायचं नाही. टोकच उघडं पडलं, तेही वाफेच्या गारव्यात, म्हणजे वाचली असतील. किंवा नसतील. बघायचं तर एक कांडी कोमट पाण्यात वितळवून सूक्ष्मदर्शकाखाली धरावी लागेल. ती कांडी मग गेली. अकराच्या दहा.

“एक कांडी म्हंजी एक वासरू,” आप्पा म्हणाले. “न्हाई. नगं.” त्यांनी मेथीची पिशवी उचलली आणि गेले.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी साहेब आले. मांडव, बँड, फेटे. डॉक्टर सकाळपासून माझ्यामागं. “टाकी भरलेली आहे का?”

“अठ्ठ्याऐंशी, सर.”

“मग साहेबांनी बटण दाबल्यावर काय होईल?”

“काहीच होणार नाही. साठपर्यंत काही करायचं नाही, हेच तर त्याचं काम आहे.”

डॉक्टर पांढरे पडले. अखेर त्यांच्या जिवाला बरं वाटावं म्हणून मी तो बंद करून पुन्हा पडद्याआड ठेवला. साहेबांनी सोनेरी दोरी ओढली, पडदा सरकला. साहेबांनी सगळ्यांत मोठं आणि लाल दिसलं ते बटण दाबलं. ते बोंब गप्प करायचं होतं. बंद कंट्रोलर गप्पच होता. फोटो निघाले. सगळे धुराची वाट बघत होते. धूर नाही, आवाज नाही, दिवासुद्धा नाही. एक विचित्र शांतता पसरली, आणि त्या शांततेत आबा माइकवर म्हणाले, “बघा मंडळी! किती शांतपणे काम करतंय!” टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी मान डोलावली. मग जेवणाच्या व्यवस्थेचं ते वाक्य झालं आणि मांडव गोडाउनच्या मागं धावला.

मी कंट्रोलर चालू केला आणि वळले, तर आप्पा दारात. फेटा बांधलेला, कुणीतरी बळंच बांधलेला, मिशीवर सरकलेला.

“म्याडम, काढा एक.”

“नक्की?”

“तीन रात्री डोळा न्हाई. मेलं आसंल तर मेलं, पर मला कळू द्या. मेलेल्याची वाट बगत बसाय मला जमत न्हाई. काढा.”

मी डॉक्टरांना पंगतीतून उठवून आणलं. चिमट्यानं तुफानची एक कांडी काढली, कोमट पाण्यात सोडली, अर्धा मिनिट मोजला. डॉक्टरांनी कांडी पुसली, कापली, काचेवर एक थेंब ठेवला आणि भिंगाला डोळा लावला. गोडाउनकडून ‘बुंदी, बुंदी’ अशी हाक आली. मग डॉक्टरांनी मान वर न करता हातानंच मला बोलावलं.

मी पाहिलं. पिवळसर उजेडात शेकडो बारीक शेपट्या. धावत होत्या! सगळ्या नाहीत. निम्म्या असतील, तिसरा हिस्सा असेल, पण ज्या धावत होत्या त्या अशा, की एकमेकींना ढकलत, वळत, पुन्हा सरळ सुटत. केव्हाच मेलेल्या बैलाची ही घाई. मी आप्पांना पुढं ओढलं.

आप्पांनी फेटा मागं सारला, वाकले. मग म्हणाले, “आरं तिच्या... म्याडम, ही समदी कुटं निगाल्यात?”

“कुठं नाही, आप्पा. काचेवरच फिरतात.”

“त्यास्नी म्हाईत न्हाई व्हय ते?”

“नाही.”

“किती येळ पळतील?”

“थोडाच वेळ. मग दमतात, थांबतात.”

“मग बगू द्या.”

आम्ही जेवायला गेलो नाही. आप्पा वाकून बघत राहिले, पाठीला रग लागली तरी. शेवटची शेपटी थांबेपर्यंत ते उठले नाहीत. उठले तेव्हा डोळे त्यांनी फेट्याच्या शेवानं पुसले आणि डॉक्टरांना म्हणाले, “लय पळाला. शेवटपातूर पळाला.” डॉक्टरांनी नोंदवहीत लिहिलं: तपासणीकामी एक कांडी खर्ची.

फाल्गुनात आप्पांची गाय एकदाची माजावर आली. पहिली कांडी फुकट गेली, दुसरीला गाभण राहिली. आणि पुढच्या हंगामात, ट्रॉल्या पुन्हा रस्त्याला लागल्या असताना, एका सकाळी आप्पांचा फोन आला. ते इतक्या मोठ्यानं बोलत होते, की फोनची गरज नव्हती. कपाळ तसंच, डोळं तसंच, उभं राहायची ऐट तशीच. मी टाकीसमोर उभी राहून ऐकत होते. मातीत गेलेला बाप, पोलादात थांबलेला काळ, आणि त्या थंडीतून चालत येऊन गोठ्यात उभं राहिलेलं ऊन-ऊन वासरू. मरणाच्या तोंडावर माणसानं बसवलेलं हे झाकण, असा काहीसा विचार माझ्या मनात आला.

बैल नाही, कालवड झाली. ती मोठी झाली, आणि मागच्या महिन्यात पहिल्यांदा व्याली. वासराचं पिऊन झालं, की सकाळी पाऊण लिटर दूध देते.